गंगाबाय आणि मयेचा तुषार

डिचोली तालुक्यात गंगाबायला चुकवून जाणं कुणाला जमलेलं नव्हतं. तुम्ही बाजारात वांगी निवडत असा, बसच्या दांड्याला लोंबकळत असा, नाहीतर देवळात डोळे मिटून उभे असा, ती समोर येऊन ठाकायची आणि विचारायची, "खंयचो तू? कोणाचो?"

एवढ्यावर सुटका नसे. गाव सांगितलं की वाडा, वाडा सांगितला की घर, घर सांगितलं की आजोबांचं नाव. मग ती क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "म्हणजे तुझी आजी माझ्या मावशीच्या नणंदेची जाऊ." ते नातं खरं निघालं की तिच्या चेहऱ्यावर, हरवलेलं कानातलं सापडल्यासारखा आनंद दिसायचा. असं विचारायची खोड गोव्यात सगळ्यांनाच आहे. पण इतर लोक विचारतात आणि विसरतात. गंगाबाय विसरत नसे.

बी.ए. झालेली बाई. म्हापशाला बसने जाऊन-येऊन शिकली. भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा ती मराठीच्या मोर्च्यात पुढे होती. घोषणा मराठीत दिल्या आणि पोलिसांची गाडी दिसली तेव्हा "पळ गो पळ, पोलीस आयले!" हे मात्र कोकणीत ओरडली. सख्खा भाऊ कोकणीच्या बाजूचा. दिवसभर दोघं एकमेकांविरुद्ध पत्रकं वाटत आणि रात्री एकाच घरात आईने वाढलेलं निमूट जेवत. पुढे घटक राज्य झालं, तेव्हा दोघांनीही पेढे वाटले आणि आपल्यामुळेच झालं असं दोघांनीही सांगितलं.

त्यानंतर गंगाबायने गावोगाव बायकांचे बचतगट उभे केले, पोलिओचे डोस पाजत फिरली. त्या कामात तिची ती खोड सोन्यासारखी उपयोगी पडली. दार न उघडणारी बाई "तुझं माहेर पेडण्याला ना गो? तुझ्या काकीला मी ओळखते" एवढ्यावर दार उघडायची आणि चहाही टाकायची. म्हणून सरकारी इस्पितळात एचआयव्हीच्या चाचणीचं केंद्र निघालं, तेव्हा समुपदेशक म्हणून सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. एवढा लोकसंग्रह दुसऱ्या कोणाचा?

ह्यात काय घोटाळा आहे हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. गंगाबायच्या तर नाहीच नाही.

केंद्र म्हणजे एक खोली, एक मेज, दोन खुर्च्या, एक बाक आणि आतल्या छोट्या खोलीत रक्त काढणाऱ्या शिवदासचं टेबल. खोलीचं दार नेमकं केसपेपरच्या खिडकीसमोर. म्हणजे ताप, खोकला, गुडघेदुखी घेऊन आलेला सगळा तालुका त्या दाराकडे तोंड करून रांगेत उभा. दारावर लाल अक्षरांत पाटी, बसमधूनसुद्धा वाचता येईल एवढी. पोटुशा बायका यायच्या, कारण डॉक्टर पाठवायचे. क्षयाचे रोगी यायचे, त्यांनाही डॉक्टर पाठवायचे. आपल्या पायांनी येणारे तरुण मात्र शून्य. ते त्या दारावरून जाताना एकदम भिंतीवरच्या हिवतापाच्या तक्त्यात रस घ्यायला लागत.

तेव्हा खाणी जोरात होत्या. सुर्ला, डिचोली, जिकडे पाहावं तिकडे तांबडी धूळ आणि खनिजाचे ट्रक. विशीतल्या पोरांच्या हातात ट्रक होता आणि खिशात पैसा. लग्नाआधी सगळ्यांना चाचणी सक्तीची करणार, अशीही तेव्हा चर्चा होती. चहाच्या टपरीवर पोरं त्यावर विनोद करत आणि विनोद संपले की गप्प होत.

पणजीहून साहेब आले. "तरुण का येत नाहीत?" म्हणाले.

"अज्ञान," गंगाबाय ठणकावून म्हणाली. "भीती. गैरसमज."

तिने कॉलेजात व्याख्यान दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पत्रकं घेतली, आणि संध्याकाळी बसस्टँडवर त्याच पत्रकांच्या पुड्यांतून चणे खाल्ले. व्याख्यान संपल्यावर तिने पहिल्या बाकावरच्या मुलाला काय विचारलं असेल? "कोणाचो रे तू?"

शिवदास तोंडाने फटकळ. एकदा हातमोजे काढता काढता म्हणाला, "बाय, ह्या पोरांना सुईची भीती नाही. तुमची आहे."

"माझी? मी काय त्यांना खाते?"

"खात नाही. ओळखता."

गंगाबाय त्याच्याशी दुपारच्या चहापर्यंत बोलली नाही. तिच्या हिशेबाने हा फार मोठा काळ होता.

आणि मग तो मुलगा आला. दिवस पावसाचे, ट्रक बंद, पोरं रिकामी. रेनकोटची टोपी नाकापर्यंत ओढलेली, ती त्याने खोलीत आल्यावरही काढली नाही. पाणी ठिबकत होतं त्याच्या खुर्चीखाली.

"बस, पुता. नाव?"

"तुषार."

"गाव?"

"मये."

गंगाबायने लिहून घेतलं. इथवर तिने आपली जीभ दाताखाली धरली होती, कारण प्रशिक्षणात सांगितलं होतं की सांगेल ते नाव लिहायचं, खोदून विचारायचं नाही. पुढचं सगळं तिने चोख विचारलं. मुलगाही बोलला. मित्रांच्या नादाने एकदा गेला होता, वर्ष उलटलं त्याला, त्यानंतर कधी नाही. पण आता घरात लग्नाचं चाललंय आणि त्याला झोप येत नाही. मुलगी चांगली आहे. फार चांगली आहे. तिला आपल्यामुळे काही झालं तर?

गंगाबायला त्याचं कौतुक वाटलं. तिने त्याला नीट समजावलं, शिवदासने रक्त घेतलं, आणि आता अर्ध्या तासात कळेल म्हणून तो बाकावर बसला.

अर्धा तास! गंगाबाय अर्धा तास गप्प बसली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पोरगा पाय हलवत होता, नखं खात होता. तिला वाटलं, जरा गप्पा माराव्या, त्याला बरं वाटेल.

"मयेला कुठे रे? तळ्याकडे की देवळाकडे?"

"त… तळ्याकडे."

"तळ्याकडे कोणाचं घर?"

"असंच… आमचंच."

"तळ्याकडची सगळी घरं मला ठाऊक आहेत. तिथे तुषार कोणी नाही. अख्ख्या मयेत तुषार नाही." एव्हाना तिची मान पुढे आली होती आणि टोपीखालून दिसणारं तेवढं नाक ती निरखत होती. लांब, मध्येच जरा उंचवटा आणि टोकाला खाली वळलेलं. "आणि असं नाक तर मयेत नाहीच. हे नाक सुर्लाचं. अरे, तू बाबली परबाचो न्हय?"

मुलगा उठला. बाक मागे पडला. केसपेपरच्या रांगेतल्या सगळ्या माना वळल्या आणि रेनकोट पावसात दिसेनासा झाला.

थोड्या वेळाने शिवदास आतून आला. "तुषार कुठाय?"

"गेला."

"गेला? अहो, त्याचं काही नाही! स्वच्छ आहे रक्त. गेला कशाला?"

गंगाबायने पडलेला बाक उचलला आणि त्यावर स्वतःच बसली.

तिला कळलेलं सगळं होतं. तो सुर्लाच्या बाबलीचा ओंकार. बापाचा ट्रक चालवायचा. मयेच्या गोकुळदास दुकानदाराची गौरवी त्याला सांगून आलेली. ओंकारची आई पार्वती गेल्याच आठवड्यात बाजारात रडकुंडीला येऊन म्हणाली होती, "मुलगी त्याला आवडते गो, डोळ्यांत दिसतं. पण हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. चवथ झाली की उत्तर द्यायचंय. नाहीतर ते लोक साखळीचं स्थळ बघणार."

म्हणजे चतुर्थीपर्यंत त्या पोराने हो म्हटलं नाही तर मुलगी हातची जाणार, आणि तो हो म्हणत नव्हता तो एका निकालासाठी, जो गंगाबायच्या खणात पडून होता. चांगला निकाल! पण नियम असा की ज्याचा त्यालाच, समोर बसवूनच सांगायचा. फोन नंबर दिलेला नाही. चिठ्ठी पाठवायची सोय नाही. पार्वतीला नुसतं "हो म्हणायला सांग त्याला" म्हटलं, तरी पार्वती विचारणार, "तुला काय ठाऊक?"

घरी जावं तर? तेही शक्य नव्हतं. गंगाबायची निळी स्कूटर तालुक्याला ओळखीची झाली होती. मागे एकदा सुर्लालाच एका दारात तिचं चाक पंक्चर झालं. त्या घरच्या लोकांनी बिचाऱ्यांनी पाणी दिलं, कदेल, म्हणजे खुर्ची, बाहेर आणून सावलीत बसवलं. आठ दिवसांत त्या घरच्या होणाऱ्या व्याह्यांकडून चौकशी आली, "घरात सगळ्यांची प्रकृती ठीक ना?"

घरी रघुनाथ. गंगाबायचा नवरा, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, बोलणं अगदी थोडं. रात्री जेवताना त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझ्या पोटात आज काहीतरी आहे. जेवण नव्हे."

"काही नाही."

"चांगलं की वाईट?"

"चांगलं. म्हणूनच राहत नाहीय. वाईट असतं तर गिळलं असतं."

"कोणाचं?"

"नाही सांगायचं."

रघुनाथने चमचा खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्याने बायकोच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. तो उठून तिला आणखी थोडी भाजी वाढायला गेला, आजाऱ्याला वाढतात तशी.

चतुर्थी तोंडावर आली आणि गंगाबायला वाट सापडली. चवथीत कोणी कोणाच्या घरी का गेलं, असं गोव्यात विचारत नाहीत. गणपती बघायला गेलं. संपलं. त्या दिवसांत निळी स्कूटर कुठेही उभी राहिली तरी तिचा काही अर्थ नाही. मात्र एकट्या बाबलीच्या दारात उभी राहिली तर आहे. म्हणून वाड्यावरच्या सगळ्या घरी जायचं, असं तिने ठरवलं.

सगळ्या घरी म्हणजे सगळ्या घरी नेवऱ्या. गोड करंजीला आमच्याकडे नेवरी म्हणतात आणि एकच घेऊन उठणं हा यजमानाचा अपमान असतो. पहिल्या घरी खोबऱ्याच्या, दुसऱ्या घरी चण्याच्या डाळीच्या, तिसऱ्या घरी दोन्ही. शिवाय हळदीच्या पानातल्या पातोळ्या, शिवाय भाज्यांचं खतखतं. बाबलीच्या दारी पोचेपर्यंत गंगाबाय उंबरा ओलांडताना चौकट धरायला लागली होती.

बाबलीच्या घरची माटोळी मात्र बघण्यासारखी होती. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, पोफळीच्या कुळागरातली फळं बांधतात, ती माटोळी. नारळाचा घोस, सुपारीचा शिपटा, तोरिंजन, आंबाडे, तांबडीलाल कवंडळं. "ओंकारनेच सगळं रान फिरून आणलं," पार्वती म्हणाली. "दिवसभर रानातच असतो हल्ली. घरात टिकत नाही."

ओंकार नेवऱ्यांचं ताट घेऊन आतून आला, गंगाबायला पाहिलं, आणि जागच्या जागी उभा राहिला. टोपी नसलेला तो तिला पहिल्यांदाच दिसत होता. चांगला देखणा पोरगा, नाक सोडलं तर.

ओटीवर माणसं होती. बाबली, पार्वती, शेजारचे दोघे, आणि माहेरच्या गणपतीला आलेली ओंकारची आत्या. गंगाबायने ह्या क्षणाची जय्यत तयारी केली होती. ती माटोळीकडे बघत, कोणाकडेच न बघता म्हणाली, "इतकी माणसं भेटतात ह्या दिवसांत म्हणून विचारते. मयेचा तुषार म्हणून एक मुलगा आहे. कोणाच्या ओळखीचा असला तर निरोप द्या. गंगाबायने बोलावलंय म्हणावं. येऊन ऐकून जा, बस. विचारणार काहीही नाही म्हणावं."

खोटं नाव त्याचं त्यालाच कळणार. दुसऱ्या कोणाला अर्थ लागायचा नाही. काय डोकं चालवलं! ती स्वतःवर इतकी खूश झाली की पार्वतीने पुढे केलेली नेवरीसुद्धा तिने घेतली.

ओंकारच्या हातातलं ताट वाकडं झालं आणि नेवऱ्या सारवलेल्या जमिनीवर ओळीने घरंगळल्या. त्याचा चेहरा उतरला होता. गंगाबाय स्वतः उठून घरी बोलवायला आली, म्हणजे वाईटच, असं त्याने धरलं. हे गंगाबायच्या ध्यानात आलं नाही. तिच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली नाही, ती म्हणजे आत्या. आत्याला मयेला दिलेली होती. आणि आत्या तोंडाला हात लावून बसली होती.

आता गंगाबायची ओळखीची विद्या कुठे उघडी पडली ते ऐका. तिला घराघरांतली मुलं ठाऊक होती ती घरातल्या नावांनी. बाबू, शाणू, बाळगो, नानू. गोकुळदासाच्या थोरल्या मुलाला सगळं मये शाणू म्हणतं. त्याचं शाळेतलं नाव तुषार आहे, हे त्याच्या मास्तरांना ठाऊक होतं, घरच्यांना ठाऊक होतं, मयेला दिलेल्या आत्याला ठाऊक होतं आणि त्याची बहीण जिला सांगून आली होती त्या ओंकारला ठाऊक होतं. खोलीत नाव विचारल्यावर बिचाऱ्याच्या डोक्यात मुलीचं घर सोडून दुसरं काही नव्हतं. तोंडातून गाव तिचं निघालं आणि नाव होणाऱ्या मेहुण्याचं.

आत्या त्याच रात्री मयेला परतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे सगळ्यांना कळलं की गोकुळदासाच्या शाणूला गंगाबायने बोलावलं आहे. गंगाबाय कशाला बोलावते हे सांगायची गरज नव्हती. सुर्लाला आत्याचा फोन आला. पार्वतीने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "देवाने वेळेवर वाचवलं गो! नको ती सोयरीक."

चवथीच्या सुट्टीनंतर इस्पितळ उघडलं त्या दिवशी पहिल्यांदा आली ती गौरवी. हातात छत्री, मागे तिचा भाऊ शाणू, धिप्पाड, आणि ह्या क्षणी बहिणीच्या आड लपायच्या विचारात. ती डिचोलीतच कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. टेबलावर छत्री ठेवून म्हणाली, "गंगाबाय, हा माझा भाऊ. तुषार. हा इथे कधी आला होता?"

तुषार! गंगाबायने शाणूकडे पाहिलं, आणि आपण कोणाच्या नावाने निरोप धाडला ते तिला तेव्हा कळलं.

"सांगा ना. सगळं मये म्हणतंय हा आला होता. हा म्हणतो मी त्या इस्पितळाची पायरी चढलो नाही."

"बाय, मी देवाची शपथ घेतो…" शाणू म्हणाला.

"तू गप्प. बाय सांगतील."

एक 'नाही' म्हटलं की काम झालं असतं. पण मग पुढचा प्रश्न ठरलेला, कोण आला होता? आणि आज 'नाही' असं सांगितलं तर उद्या जो खरंच येईल त्याच्याबद्दल 'नाही' म्हणता येणार नाही, आणि लोक त्या गप्प बसण्यावरूनच ओळखतील. इतकी वर्षं जे तिने केलं नव्हतं ते गंगाबायने केलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "इथे कोण आलं, कोण नाही आलं, हे मी कोणाला सांगत नाही."

"म्हणजे आला होता असंच ठरणार!" शाणू किंचाळला. "मी आलो नव्हतो! अहो बाय!"

"तुम्ही? तुम्ही सांगत नाही?" गौरवीचा विश्वास बसेना. "अहो, माझ्या आजीचं नाव माझ्या बापाला आठवत नव्हतं, ते तुम्ही सांगितलं होतं."

दारापाशी केसपेपरची रांग जवळ सरकली होती. शिवदास आतून हातात कापूस घेऊन बघत उभा होता. गंगाबायच्या ओठांची शिवण उसवायला आली होती. तेवढ्यात खिडकीबाहेर, ज्या खिडकीला रांगेतल्या म्हाताऱ्या अजून जनेल म्हणत, इतका मोठा घरघराट झाला की सगळे दचकले.

पावसाळ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवायचा ट्रक, त्याची अर्धी ताडपत्री मागे फडफडत, इस्पितळाच्या फाटकात येऊन थांबला. पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत आईचं नाव, 'पार्वती', भोवती रंगीत दिवे. दुचाकी बाप घेऊन गेला होता आणि पोराला थांबायला वेळ नव्हता. ज्याला खोलीतसुद्धा रेनकोटची टोपी काढवत नव्हती, तो तालुक्यातल्या सगळ्यात ओळखीच्या ट्रकमधून उतरला आणि रांगेच्या मधून थेट आत आला.

"तुषार मी आहे," ओंकार म्हणाला.

"मीच आलो होतो. नाव खोटं सांगितलं. शाणूचा ह्यात काही संबंध नाही. घरी माझी आई सोयरीक मोडायला निघालीय. त्याच्यावरून. म्हणून आलो." मग गौरवीकडे न बघता, "मोडायचीच असली तर माझ्यावरून मोडा."

गंगाबाय उठली, तिने ओंकारच्या दंडाला धरलं, आतल्या खोलीत ढकललं आणि दार लावलं. रांगेच्या तोंडावर लावलं.

"सांगा," तो म्हणाला. भिंतीला टेकून उभा होता. "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे तुला, कपाळ? काही नाही तुला. स्वच्छ आहेस."

"मग तुम्ही घरी कशाला आलात?"

"हेच सांगायला, मेल्या! तुला निरोप पोचावा म्हणून वाड्यावरच्या सगळ्या घरच्या नेवऱ्या खाल्ल्या मी. दोन दिवस नुसत्या पेजेवर आहे!"

ओंकार खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. गंगाबायने त्याला रडू दिलं. तोंडावर आलेलं "तुझा आजोबाही असाच हळवा होता" हे वाक्य तिने परत आत ढकललं. मग समोर बसवून पुढे काय पाळायचं, ते सगळं नीट सांगितलं.

बाहेर आल्यावर त्याने गौरवीला स्वतःच सांगितलं, तेही, आणि वर्षापूर्वीचंही. हळू आवाजात, व्हरांड्याच्या टोकाला, पण रांगेचे कान तेवढे लांब होते. गौरवी पावसाकडे तोंड करून उभी राहिली.

"तुला माझ्या भावाचंच नाव सापडलं?" ती म्हणाली.

"डोक्यात तुमचंच घर होतं."

"स्वतःचं नाव नव्हतं डोक्यात?"

"नव्हतं."

"हं." ती अजून त्याच्याकडे बघत नव्हती. "ते वर्षापूर्वीचं, त्यावर आपण बोलणार आहोत. तुला ते सोपं जाणार नाही."

"बरं."

"आणि हो की नाही ते आज सांग. चवथ झाली."

"हो," ओंकार म्हणाला. इतक्या पटकन की रांगेतली एक म्हातारी हसली.

गौरवी परत खोलीत आली आणि खुर्चीवर बसली. "आता माझी करा."

"तुझी कशाला?"

"त्याची केली ना? मग माझीही. उद्या तो मला विचारेल, तेव्हा मी काय शाणूचं नाव सांगू?" आणि गंगाबायने पेन उचलायच्या आधीच तिने सुरुवात केली, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "लिहा. गौरवी. मयेची. तळ्याकडच्या वाटेवर दुकान आहे त्या गोकुळदासाची. आजोबा विठ्ठल, आजी साळची, आजीचं माहेर…"

"पुरे गो बाये, पुरे!" गंगाबायने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला नंबर पुरे!"

शिवदास इतका हसला की त्याला सुई खाली ठेवावी लागली. गौरवीच्या मागे शाणू बसला. नाव जायचं ते गेलंच आहे, तर निकाल तरी हातात असू दे, म्हणाला. त्याचाही निकाल स्वच्छ निघाला, आणि तो त्याने क्रिकेटच्या टीमला इतक्या वेळा ऐकवला की पुढच्या आठवड्यात टीममधले काही जण, वैतागून, स्वतःच आले. एकमेकांना ढकलत, खिदळत, पण आले. तोपर्यंत गंगाबायने साहेबांशी भांडून खोली मागच्या बाजूला, दातांच्या डॉक्टरांच्या शेजारी हलवली होती. लाल पाटी शिवदासने माळ्यावर टाकली. तिथे बाकावर गाल धरून बसलं की कोणालाही दातदुखीवाला म्हणून खपता येत होतं.

आणि गंगाबायने विचारणं सोडलं. रस्त्यात एखादा मुलगा दिसला तर ती त्याच्या अंगावरून पलीकडे बघत निघून जायची. मग एकालाच ओळख न दाखवणं म्हणजे पंक्चरसारखंच, म्हणून तिने विशी-पंचविशीतल्या कोणालाच ओळख दाखवायची नाही असं ठरवलं. लोकांना काळजी वाटायला लागली. कोणीतरी रघुनाथला बाजूला घेऊन विचारलं, "बायला हल्ली विसर पडतो काय?"

"पडतो," रघुनाथ म्हणाला. "त्याचाच पगार आहे."

लग्न मयेला झालं, तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, ट्रक पुन्हा सुरू झाले होते त्या दिवसांत. मंडपाबाहेर 'पार्वती' ट्रक झेंडूच्या माळा घालून उभा होता आणि त्याने इस्पितळात कशी धाव घेतली ही गोष्ट पंगतीत वाढता वाढता सांगितली जात होती. अख्ख्या तालुक्याला ती ठाऊक होती. गंगाबाय रघुनाथबरोबर आली, आहेर दिला आणि आईस्क्रीमची वाटी घेऊन कोपऱ्यात बसली.

ती आत्या नवऱ्या मुलाला हाताला धरून तिच्यापुढे घेऊन आली. "ओळखलास ना गो, गंगाबाय?"

गंगाबायने वर पाहिलं. मुंडावळ्यांच्या मधून ते लांब, मध्येच उंचवट्याचं, टोकाला वळलेलं नाक तिच्या अगदी समोर आलं होतं.

"कोणाचो गो हो?" तिने विचारलं.

"अगो, कोणाचो म्हणून काय विचारतेस! सुर्लाच्या बाबलीचा! चवथीला ह्याच्याच घरी नेवऱ्या खाऊन गेलीस!"

"गेले असेन," गंगाबाय आईस्क्रीमचा चमचा चाटत म्हणाली. "नेवऱ्या आठवतात. पोरगा काही आठवत नाही."

ओंकार तिच्या पाया पडला. पडता पडता त्याच्या खांद्यांना हसू आवरत नव्हतं.